शेल्याची गाठ

लग्न लावून मुरुडकडे निघालेली आमची गाडी ह्यांच्या हातून मोरीच्या दगडी काठावर आदळली. वाकलेलं पुढचं डावं चाक बदलून जवळच्या गावातला मिस्त्री म्हणाला, "चालंल." पुढे समुद्रकड्यावरचा उतार होता. पण नवं चाकही मागे सरकलेलंच दिसलं. "अ‍ॅक्सल कमानीच्या पाट्यांवरून मागे सरकलाय. दोन्ही बाजूंचं पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर मोजा," मी म्हणाले. "सूनबाई, बीएस्सी माहेरी ठेवायची. गृहप्रवेशाचा मुहूर्त टळतोय," मामंजी गरजले. वऱ्हाड हसलं. मोजायला मी दोरी मागितली, ती कुणी देईना. ह्यांच्या उपरण्याला बांधलेल्या शेल्याची गाठ मी सोडली. हसणं थांबलं. ती गाठ घरच्या देवापुढेच सोडतात. हे जागचे हलले नाहीत. मी शेल्याचं टोक मागच्या चाकावर धरलं. दुसरं धरायला कुणी येईना. सासूबाई पदर खोचून उतरल्या. "कुठे धरू?" आधी उजवीकडे मोजलं, मग डावीकडे; डावीकडे शेला चार बोटं जास्त उरला. सासूबाईंनी ती चार बोटं तशीच मामंजींसमोर धरली.