मळलेली वाट

ती चित्रपटांसाठी संगणकावर चित्रं काढायची. या खेपेला काम होतं एका जुन्या कादंबरीतल्या किर्र रानाचं. लहानपणी ताई तिला तीच कादंबरी वाचून दाखवायची, आणि भीतीचं पान आलं की मुद्दाम तिला आणखी जवळ ओढायची. ताईला जाऊन आता वर्ष होत आलं होतं.

रान मनासारखं उतरलं. दिग्दर्शक मात्र पडद्यावर बोट ठेवून म्हणाला, "ही पायवाट कशाला? या रानात चिटपाखरूही फिरकत नाही."

तिने पायवाट काढलीच नव्हती. तरी झाडांमधलं गवत तुडवलेलं दिसत होतं. तिने त्यावर पुन्हा गवत रंगवलं. चहा घेऊन परतली, तर वाट होतीच, आणि आता ओढ्याच्या अलीकडे आली होती.

"अहो, काढून टाका म्हटलं, तर तुम्ही आणखी काढलीत!" दिग्दर्शक हसला. "मी जेवून येतो, तोवर पुसा."

खोलीत ती एकटीच उरली. तिने चित्र मोठं करून पाहिलं. ओल्या मातीत पावलं उमटली होती, आणि डावं पाऊल जरा जास्त खोल होतं. ताई तशीच चालायची, डाव्या पायावर भार देत.

तिने वाट पुसली नाही. वाटेपुढची काटेरी झुडपं पुसायला घेतली, एकेक करून.

"सावकाश ये गं," ती पुटपुटली.

शेवटचं झुडूप गेलं, तसं अगदी तिच्यासमोरचं गवत वाकलं आणि वाकलेलंच राहिलं.