एकेक ठिपका

“अगं, फोनवर आलेख क्षणात येतो. कशाला हा खटाटोप?” नवरा चहा ओतत म्हणाला.

मी माझ्या कॉलेजच्या दिवसांतला, आलेख काढणारा ग्राफिंग कॅल्क्युलेटर उघडला होता. पडद्यावरच्या काही उभ्या रेघा दिसेनाशा झाल्या होत्या. पडद्याला जोडणारी आतली सुटलेली पट्टी सोल्डरिंगच्या तापल्या टोकानं दाबून चिकटवायची होती. एक सेकंद जास्त झाला, तर पडदा कायमचा जाणार होता.

श्वास रोखून पट्टी दाबली. झाकण लावून साइन एक्सचा लाटेसारखा आलेख मागितला.

डावीकडून एकेक ठिपका उमटू लागला. वसतिगृहात पाहत बसायचे, तेवढ्याच संथपणे. मध्ये कुठंही खंड नव्हता.

चहा विसरून नवरा माझ्या खांद्यावरून वाकला. दहावीनंतर त्यानं गणिताला रामराम ठोकला होता.

“थांब, सांगू नकोस,” तो म्हणाला. “आता खाली येणार ना?”