कोरडे हात

पानगळीत पक्षाघात झाला आणि लोर्नाचा उजवा हात लुळा पडला. “मासेमारीची काठी माळ्यावर ठेवतो,” नवरा वेंडेल म्हणाला. “हात तर लावून बघ,” ती म्हणाली. मग हिवाळाभर ती व्हरमाँटच्या बर्फात, अंगणात उभी राहून, गळाऐवजी लोकरीचा गोंडा बांधून डाव्या हातानं दोरी फेकायला शिकली. “काय गं, बर्फ तरी लागला का?” तो खिडकीतून चिडवायचा. एप्रिलमध्ये हंगाम सुरू झाला. गुडघाभर पाण्यात तिनं गळावर बांधलेली पिसांची नकली माशी फेकली आणि ट्राउट मासा गळाला लागला. वेंडेल काठावरून धावला. “थांब, मी सोडवतो.” “खबरदार. तुझे हात कोरडे आहेत, अंगावरचा बुळबुळीत थर निघाला तर पाण्यात सोडल्यावर मासा जगायचा नाही.” काठी काखेत दाबून तिनं डाव्या हातानं उजवा पाण्यात बुडवला, ओल्या लुळ्या तळव्यावर मासा टेकवला, गळ काढला. मासा निघून गेला. “आता धर काठी. मला नाक पुसायचंय.”