ब्रेक बघून देतो

लग्न झाल्यापासून या जावयाने घरातला गळका नळ कधी आवळला नव्हता. आणि आज, बायको लेकराला घेऊन कायमची माहेरी निघाली, तर हा सकाळपासून तिच्या गाडीच्या बॉनेटमध्ये डोकं खुपसून उभा. म्हणे, ब्रेक बघून देतो. एवढी माया लेकीला न्यायला आलेल्या सासूबाईंच्या पचनी पडेना.

"झालं," त्याने फडक्याला हात पुसले. "लोण्यासारखे लागतील आता."

"लोणी? कालपर्यंत तर तिला फाडून खात होतात."

"जाताना भांडण नको, आई."

सासूबाई ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसल्या.

"तुम्ही कशाला? तुम्हाला काय कळतंय त्यातलं?"

"काही नाही. बसते आपली."

लेक निघताना रोज एक गोष्ट करायची. गंमत म्हणून आईलाही तिने ती करायला लावली होती. गाडी बंद असताना ब्रेक घट्ट होईपर्यंत दाबायचा. पाय तसाच ठेवून गाडी सुरू करायची. पेडल आपसूक थोडं आत जातं. गेलं, तर ब्रेकला इंजिनाची साथ आहे. नाही गेलं, तर गाडी नुसत्या पायाच्या जोरावर थांबवायची.

सासूबाईंनी ब्रेक दाबला. किल्ली फिरवली.

पेडल दगडासारखं तिथल्या तिथे. बॉनेटखालून मात्र फुस्स आवाज येत राहिला, बिळात काहीतरी असावं तसा. जावयाने बॉनेट धाडकन खाली पाडलं.

फाटकापासून रस्ता सरळ खाली उतरत होता. तळाशी हमरस्त्यावर ट्रक धावत होते. लेक बॅग घेऊन पायऱ्या उतरू लागली, खांद्यावर झोपलेली नात.

"तू वरच थांब गं!"

सासूबाईंनी गाडी बंद केली. खाली उतरून किल्ली जावयापुढे धरली.

"एवढं राबलात, तर पहिला मान तुमचा. हमरस्त्यापर्यंत जाऊन या."

तो उताराकडे बघत राहिला. हात फडक्यातून बाहेर आलाच नाही.

सासूबाईंनी किल्ली कमरेला खोचली.

"म्हणजे कळतंय हो मला त्यातलं, जावईबापू."