जाड टायरची सायकल

मलकापूरच्या दुकानदारानं सुवर्णाबाईंसमोर टोपलीवाली लेडीज सायकल उभी केली. पन्नाशी ओलांडलेल्या बाईला तो दुसरं काय दाखवणार?

"हे नाही. ते जाड टायरची, गेअरवाली काढा."

"मावशी, ते डोंगरात चालवाची सायकल हाये. कॉलेजचे पोरं घेतात."

"मंग काढा ना. मले कुठं डांबरी रस्त्यानं जाचं हाये?"

सायकल धामणगावात पोचली आणि मुलगा प्रेमानंद भडकला.

"या वयात काऊन हे खूळ, आई? लोकं हासतीन! कुठं जाचं तं मले सांग, मी गाडीवर नेतो."

"तू नेशीन तिथं नाही जाचं मले," त्या म्हणाल्या आणि टायरमध्ये हवा भरू लागल्या.

रविवारी प्रेमानंद एका गिऱ्हाइकाला नाल्यापलीकडचं, विकायला काढलेलं घरचं वावर दाखवायला निघाला. वाटेत चिखलात मोटरसायकल फसली. ती तिथंच सोडून दोघं पायी चालू लागले.

"बाबा गेल्यापासून वावर पडीतच हाये. आईच्यानं आता इतक्या दूर येणं होत नाही," तो सांगत होता.

वावराच्या धुऱ्यावर पोचताच तो थबकला. चिखलानं माखलेली सायकल बाभळीला टेकवलेली होती. सुनेचा पंजाबी ड्रेस घालून सुवर्णाबाई विळ्यानं तण कापत होत्या. अर्धं वावर मोकळं झालं होतं.

त्यांनी मुलाकडं पाहिलंच नाही. गिऱ्हाइकाला म्हणाल्या, "आले तं पाहून घ्या, भाऊ. सातबारा माह्या नावावर हाये, आन् मी रोज येऊन राह्यली."