रानलसणाचा वास

या, मायबाप, जवळ सरका. गोष्ट लहानशीच आहे, पण मन थाऱ्यावर ठेवून ऐका.

भरदुपार. दवाखान्यातल्या बाकावर सून बसली होती, मांडीवर टोपली घेऊन. टोपलीत काल खुडलेल्यातली उरलेली चार-सहा पानं. आत खाटेवर सासू. पहाटेपासून तिच्या उलट्या थांबत नव्हत्या.

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. "काल काय खाल्लं त्यांनी?"

"रानलसणाची भाजी. यंदा आईंचे गुडघे चालेनात, म्हणून मी एकटीच गेले खुडायला."

"तुम्ही खाल्ली?"

"शिजून मूठभर झाली हो. आईंचा जीव त्या भाजीवर. सगळी त्यांनाच वाढली."

"त्याच्याच शेजारी अगदी तसंच दिसणारं विषारी पान उगवतं."

"नाही हो बाई. एकेक पान चुरगाळून हुंगलंय. आईंनीच शिकवलंय तसं." सुनेनं वरचं पान चुरगाळून हुंगलं. मग दुसरं. "हे बघा, दोन्ही लसूणच."

डॉक्टरीणबाईंनी ते दुसरं पान उजेडात धरून निरखलं, टोपलीतून तसलंच तिसरं काढलं. "साबणानं हात धुऊन या. मग हे हुंगा."

ती हात धुऊन आली. पान चुरगाळलं, हुंगलं. पुन्हा हुंगलं. नुसता गवताचा वास.

"पहिल्या पानाचा वास बोटांना लागतो," डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या. "मग पुढचं प्रत्येक पान लसूणच वाटतं."

सुनेला दरवर्षी दोघी खुडायला जायच्या तो ओढा आठवला. दर मुठीनंतर सासू वाकून मातीनं हात घासायची. "अहो आई, रानात कसली एवढी टापटीप?" म्हणून ही हसायची.

ती आत गेली. सासूनं डोळे उघडले. सुनेचे ओले हात पाहिले, आणि तिला उमगलं.

"हुंगायला शिकवलं गं तुला," ती म्हणाली. "हात घासायचं सांगायचं राहूनच गेलं. माझं चुकलं ते. तू जिवाला लावून घेऊ नकोस."

तिसऱ्या दिवशी सासू गेली.

तिला आता देव सांभाळेल, मायबाप. तुम्ही आठवण ठेवा ती सुनेची. ती अजून ताट वाढायच्या आधी हात धुते, पुन्हा धुते, आणि ओली बोटं नाकाशी नेऊन उभी राहते.