बारीक धान

केवळराम गावतलावाचं पाणी वाटायचा. त्याच्या चुकीनं कुणाचे धानाचे पऱ्हे, लावणीची कोवळी रोपं, सडले, तर गाव जाब विचारायला पिंपळाखाली बसायचं अन् तो मान खाली घालून आपल्या शेताच्या बांधीतले पऱ्हे भरून द्यायचा.

सरकारी मेळाव्यात 'बारीक धान लावा, परदेशात जाते' असं ऐकून आला, तर तेच घरोघरी सांगत फिरला. साऱ्या गावानं ऐकलं. धान खळ्यावर आलं अन् सरकारनं निर्यातच बंद केली. भाव मातीत गेला.

केवळराम सरकारकडून नुकसानभरपाई मागायला कोर्टात गेला. अर्ज फेटाळला.

"सरकारचं धोरण आहे ते," त्याचे वकील म्हणाले. "चुकलं तरी जाब विचारता येत नाही."

"मंग पुसाचं कोनाले, साहेब?"

"कोणालाच नाही."

***

तो गावी परतला, तेव्हा सारं गाव पिंपळाखाली बसून त्याचीच वाट पाहत होतं.